दवाखान्याची वाट

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. नववीच्या वर्गातील एक मुलगा सलग तीन दिवस शाळेत आला नाही. चौथ्या दिवशी आला तेव्हा मी त्याला कारण विचारले.

‘‘आजीला घेऊन दवाखान्यात गेलो होतो, सर.’’

‘‘घरी वडीलधारे कोणी नव्हते काय?’’

‘‘होते, सर. पण डॉक्टर काय बोलतात ते त्यांना समजत नाही.’’

एक दिवस जाण्याचा, एक तपासणीचा आणि एक परतण्याचा, असे त्याचे तीन दिवस गेले होते. त्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो. घर सिद्दी कुटुंबाचे. आजी ओसरीवर बसली होती. तिने कोनाड्यातून गोळ्यांचे एक रिकामे पाकीट काढून माझ्या हाती दिले. त्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. काही महिन्यांपूर्वी मिळाल्या, संपल्या, आणि मग तिने त्या पुन्हा आणल्याच नाहीत. पुढे एके दिवशी शेतात भोवळ येऊन ती पडली, तेव्हा घरची माणसे जागी झाली.

‘‘आजी, गोळ्या बंद का केल्यास?’’ मी कोकणीत विचारले.

‘‘बंद कुठे केल्या, मास्तर? संपल्या! तापाच्या गोळ्या संपल्यावर आपण आणखी खातो काय?’’

या गोळ्या कायम घ्यावयाच्या आहेत हे डॉक्टरांनी सांगितले नव्हते असे नाही. सांगितले होते, पण ते कन्नडमध्ये, आणि आजीची भाषा कोकणी. डॉक्टर होते, औषध होते, पैसाही द्यावा लागला नव्हता. तरीसुद्धा औषधाचा गुण आजीपर्यंत पोहोचला नाही. घरी परतताना मनात एक प्रश्न घोळत राहिला. रोग एक, औषध एक, कायद्याच्या दृष्टीने हक्कही एक. मग एका माणसाला जे सहज मिळते ते दुसऱ्याला का मिळू नये? त्या प्रश्नाचा थोडा विचार विद्यार्थिमित्रांनी व त्यांच्या घरच्यांनी माझ्याबरोबर करावा, एवढ्यासाठी हा लेख.

आपला तालुका आणि आपली माणसे

वंश, जात, भाषा किंवा परप्रांतातून येणे यांमुळे वैद्यकीय उपचारांत पडणारे अंतर हा विषय अमेरिकेसारख्या देशांत बराच अभ्यासला गेला आहे. तो त्यांचाच प्रश्न, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आपल्याला वाटते. परंतु जोयडा तालुक्याकडे नीट पाहिले तर हा प्रश्न आपल्या उंबरठ्यावरच उभा आहे असे दिसेल.

येथे कुणबी आहेत, गवळी धनगर आहेत, मराठे आहेत, सिद्दी आहेत. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतील. पोर्तुगीजांनी व अरब व्यापाऱ्यांनी त्यांना गुलाम म्हणून या किनाऱ्यावर आणले. त्यांतील कित्येक जण गोव्यातून निसटून घाटावरच्या रानात आले आणि यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला व जोयडा या भागांत स्थिरावले. त्यांच्यात हिंदू, ख्रिस्ती व मुसलमान असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. शतकानुशतके ते या मातीत राबत आहेत. पण परक्या ठिकाणी गेले की ‘‘तुम्ही कोणत्या देशाचे?’’ हा प्रश्न आजही त्यांच्या वाट्याला येतो. ज्याला आपल्याच देशात असे विचारले जाते, तो रुग्णालयाच्या खिडकीपाशी किती संकोचाने उभा राहत असेल, याची कल्पना करून पाहावी.

आजारी माणूस आणि उपचार यांच्यामध्ये जे अडथळे उभे राहतात ते मुख्यतः चार: अंतर, दाखला, भाषा आणि दृष्टी. त्यांचा क्रमाने विचार करू.

अंतर

जोयडा हा क्षेत्रफळाने उत्तर कन्नड जिल्ह्यातील सर्वांत मोठा तालुका. पण वस्ती अत्यंत विरळ. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास भरली. म्हणजे एका चौरस किलोमीटरला तीस माणसेही नाहीत. सरकारी मानकाप्रमाणे सपाट प्रदेशात ५,००० लोकांमागे एक आरोग्य उपकेंद्र असावे आणि डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक असावे. ही सवलत उदार वाटते. पण तिचा हिशेब गणिताच्या तासाला करून पाहण्याजोगा आहे. आपल्याकडे ३,००० माणसे गोळा करावयाची तर शंभराहून अधिक चौरस किलोमीटर प्रदेश धुंडाळावा लागेल. शंभर चौरस किलोमीटरच्या वर्तुळाची त्रिज्या साडेपाच किलोमीटरांहून जास्त येते, आणि ती सरळ रेषेतली. आमच्या डोंगरातील वाट कधी सरळ असते काय? नियम सर्वांना सारखा; पण दाट वस्तीच्या गावाला तो पाचशे पावलांवर दवाखाना देतो आणि विरळ वस्तीला दोन ओढ्यांच्या पलीकडे. म्हणूनच डोंगराळ भागात माणसे मोजण्याऐवजी पोहोचण्यास लागणारा वेळ मोजावा, हा विचार पुढे मान्य होत गेला, आणि तो रास्तच आहे.

१९८० च्या दशकात काळी नदीवरील धरणात जुने सुपे गाव बुडाले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि विस्थापितांतील अनेक कुटुंबे रामनगरला वसली. पुढे रानाचा मोठा भाग व्याघ्रप्रकल्पात गेला. २००७ मध्ये जाहीर झालेल्या या प्रकल्पाला २०१५ पासून काळी व्याघ्रप्रकल्प असे नाव आहे. रानातील वस्त्यांना पक्का रस्ता मिळणे त्यामुळे अधिक कठीण झाले. कारवारला २०१३ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ही जिल्ह्याच्या भाग्याची गोष्ट. परंतु तिकडे जाण्याची वाट अणशी घाटातून. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत या घाटात दरड कोसळली आणि वाहतूक बंद पडली. पावसाळ्यात आडरानातील वस्तीवर रुग्णवाहिका पोहोचत नाही, तेव्हा बांबूला घोंगडी बांधून तिच्या झोळीतून रुग्णाला डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते. अडलेल्या बाळंतिणीला त्या झोळीत घालवलेला एकेक तास किती मोलाचा असतो, हे सांगावयास नको.

दाखला

दुसरा अडथळा कागदाचा. २००३ च्या आरंभी एक कायदा अमलात आला. त्याने उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळाले. त्याच कायद्याने गोव्यातील कुणबी, गावडा व वेळीप हे समाजही त्या यादीत आले. मात्र सीमेच्या अलीकडे, जोयड्यातील कुणबी त्या यादीबाहेरच राहिले. देव तेच, सण तेच, कंदमुळांची शेती तीच. फरक तो राज्याच्या हद्दीचा. यादीत समावेश व्हावा ही त्यांची मागणी वर्षानुवर्षांची आहे.

यादीचा आरोग्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. कर्नाटक सरकारने वनाश्रित जमातींसाठी डाळी, तेल, गूळ, अंडी असा पौष्टिक आहार देण्याची योजना सुरू केली, आणि तिचा लाभ सिद्दी कुटुंबांना मिळू लागला. पावसाळ्यात मजुरी नसते व घरातले धान्य सरत आलेले असते, अशा वेळी हा शिधा म्हणजे एक प्रकारचे औषधच. सिद्दींना तो मिळतो यात आनंदच आहे. तो त्यांचा हक्क आहे. पण त्याच वस्तीतील कुणब्याच्या मुलाची भूक यादी पाहून थांबत नाही, हेही तितकेच खरे.

कागदाची दुसरी भिंत राज्याच्या सीमेवर भेटते. आपल्या तालुक्यातून, तसेच सिंधुदुर्गातून, पुष्कळ माणसे गोव्यात कामाला जातात. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय हे या साऱ्या मुलखाचे मोठे रुग्णालय. त्याची परंपरा १८४२ मध्ये पणजीत स्थापन झालेल्या वैद्यकशाळेपर्यंत जाते. तेथे सीमेपलीकडच्या रुग्णांवर वर्षानुवर्षे मोफत उपचार होत. २०१६ मध्ये गोवा सरकारने आपल्या रहिवाशांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना सुरू केली. तिच्या कार्डासाठी गोव्यात पाच वर्षांचे वास्तव्य आवश्यक ठरले. २०१८ च्या आरंभी परराज्यातील रुग्णांकडून शुल्क घेण्यास सुरुवात झाली, तेव्हा सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्गात, लोकांनी मोठे आंदोलन केले.

येथे दोन्ही बाजू समजून घेणे न्यायाचे होईल. गोवा लहान राज्य, खाटा मर्यादित, खर्च तेथील करांतून होतो. आपल्या रहिवाशांची आधी सोय पाहावी असे त्या सरकारला वाटले तर ते अगदीच अनाकलनीय नाही. परंतु गोव्यातील इमारतींच्या पायाला ज्या मजुराचा घाम लागला, तो आजारी पडला की ‘बाहेरचा’ ठरतो, हेही विसरून चालणार नाही. २०१८ मध्येच सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची तरतूद आहे, आणि योजनेत सामील असलेल्या परराज्यातील रुग्णालयातही ते कार्ड चालावे असे तिचे तत्त्व आहे. दिशा योग्य आहे. मात्र कार्ड काढलेलेच नसेल, किंवा त्यावरील नाव शिधापत्रिकेवरील नावाशी जुळत नसेल, तर ते तत्त्व कागदावरच राहते.

हा पाच वर्षांचा आकडा सातासमुद्रांपलीकडेही भेटतो. अमेरिकेत १९९६ मध्ये झालेल्या कायद्याने कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्या बहुतेक परदेशीयांना गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्ययोजनेत पहिली पाच वर्षे प्रवेश नाकारला. मुलाकडे कायमचे राहावयास गेलेल्या वृद्ध मराठी आईवडिलांनाही तेथील ज्येष्ठांच्या आरोग्यविम्यासाठी साधारणतः पाच वर्षांच्या सलग वास्तव्याची अट लागते. गोव्यात राबणारा जोयड्याचा मजूर आणि अमेरिकेत मुलाकडे राहणारे पुण्याचे निवृत्त गृहस्थ यांच्या परिस्थितीत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पण आजारपणात ‘तुम्ही येथे किती वर्षे आहात?’ या प्रश्नाला उत्तर देण्याची पाळी दोघांवरही येते.

भाषा

तिसरा अडथळा भाषेचा. माझ्या विद्यार्थ्याच्या आजीला नडला तो हाच. आपल्या भागातील मूल घरी कोकणी किंवा मराठी बोलते, बाजारात कन्नड ऐकते आणि औषधाच्या वेष्टनावर इंग्रजी पाहते. डॉक्टर बेळगावचे, धारवाडचे किंवा म्हैसूरचे असतात. त्यांनी कोकणी शिकून यावे असे म्हणणे सोपे आहे. पण येथे डॉक्टर येऊन टिकणे हीच मोठी गोष्ट. मग दुभाषा होतो घरातला शाळकरी मुलगा.

यात दुहेरी हानी आहे. मुलाची शाळा बुडते, हे झालेच. शिवाय आजी आपल्या नातवासमोर स्वतःच्या शरीराच्या सर्वच तक्रारी सांगू शकत नाही. आणि मुलालाही जे शब्द ठाऊक नाहीत ते तो गाळून टाकतो. अमेरिकेत २०१६ च्या नियमांनी आणीबाणीचा प्रसंग वगळता अल्पवयीन मुलांना रुग्णालयात दुभाषे म्हणून वापरण्यास मनाई केली, ती याच कारणासाठी. तेथे दुभाषा पुरवणे ही रुग्णालयाची जबाबदारी मानली जाते. आपल्याकडे २००५ नंतर गावोगावी नेमल्या गेलेल्या ‘आशा’ कार्यकर्त्या हे काम पुष्कळ अंशी करतात. गावातलीच बाई, गावचीच बोली. तिने सांगितलेले मनात उतरते.

दृष्टी

चौथा अडथळा सर्वांत सूक्ष्म. माणसाच्या रूपावरून, कपड्यांवरून, बोलण्यावरून आपण त्याच्याविषयी मत बनवतो, आणि वैद्यकाचे क्षेत्रही त्यातून सुटलेले नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत एके काळी काळ्या व गोऱ्या रुग्णांसाठी वेगळे वॉर्ड, कित्येक ठिकाणी वेगळी रुग्णालयेच असत. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे तर १९३२ पासून १९७२ पर्यंत उपदंश झालेल्या शेकडो काळ्या पुरुषांना, गुणकारी औषध उपलब्ध झाल्यानंतरही, उपचारांविना ठेवून रोगाचे केवळ निरीक्षण केले गेले. मग ज्यांच्या पूर्वजांना असे वागवले गेले त्यांच्या मनात दवाखान्याविषयी संशय राहिला, तर त्यांना अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

कधी कधी माणसाच्या मनात काही वावगे नसते. पण यंत्रच एकाच्या मापाने बनलेले असते. करोनाच्या साथीत बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर तुम्ही पाहिला असेल. त्यातून दोन प्रकारचे प्रकाशकिरण बोटातून जातात. रक्त त्यांतील किती भाग शोषून घेते यावरून प्राणवायूचे प्रमाण ठरते. परंतु त्वचेतील काळे रंगद्रव्यही प्रकाश शोषते. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, यंत्राने ९२ ते ९६ टक्के असा बऱ्यापैकी आकडा दाखवलेल्या रुग्णांच्या रक्ताची प्रत्यक्ष तपासणी करून पाहिली. शंभर गोऱ्या रुग्णांमागे सुमारे चौघांत प्राणवायू धोकादायकरीत्या कमी, म्हणजे ८८ टक्क्यांच्या खाली, आढळला. शंभर काळ्या रुग्णांमागे सुमारे बारा जणांत. यंत्र हेतुपुरस्सर पक्षपात करीत नाही. पण ते बनवताना कोणाची बोटे समोर होती, हा प्रश्न उरतोच. गर्द वर्णाच्या माणसाला धाप लागली असेल तर केवळ यंत्रावर विसंबून ‘सर्व ठीक आहे’ असे समजू नये, हा धडा आपल्याही उपयोगाचा आहे.

अंतर कमी होऊ शकते

हे सारे वाचून मन खिन्न होऊ देऊ नये. जे अंतर माणसांच्या व्यवस्थेने पाडले, ते माणसांनी कमी केल्याची उदाहरणेही आहेत. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना वर्णभेद करण्यास बंदी केली, आणि १९६६ मध्ये वृद्धांची सरकारी विमायोजना सुरू होताना त्या पैशासाठी रुग्णालयांना ही अट पाळावी लागली. पिढ्यान्पिढ्या न हललेले वेगळे वॉर्ड अवघ्या काही महिन्यांत हजाराहून अधिक रुग्णालयांतून नाहीसे झाले.

आपल्या महाराष्ट्रातील गडचिरोलीचे उदाहरण तर अधिक जवळचे. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना विचारून, त्यांच्या गावासारखे दिसणारे रुग्णालय उभारले आणि त्याला त्यांच्याच दंतेश्वरी देवीचे नाव दिले. कारण मोठ्या इमारतींचे व पांढऱ्या कपड्यांचे त्या लोकांना भय वाटे. गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना त्यांनी नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले होते. तेथे गावातील बाईच्या हाती ज्ञान दिले गेले आणि रुग्णाच्या भाषेचा व श्रद्धेचा मान राखला गेला.

कायदाही आपल्या बाजूस आहे, पण तो माहीत असावयास हवा. पश्चिम बंगालमध्ये आगगाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले होते. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निर्णय दिला, की सरकारी रुग्णालयाने वेळेवर तातडीचा उपचार नाकारणे म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भंग होय. तसेच २००६ च्या वनहक्क कायद्यात अशी तरतूद आहे, की दवाखाना, शाळा, रस्ता अशा सोयींसाठी प्रत्येक कामामागे एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. मात्र हेक्टरी पंचाहत्तरांहून अधिक झाडे तोडावी लागता कामा नयेत. रानातील वस्तीसाठी हे कलम फार मोलाचे आहे. पण ग्रामसभेत ते वाचून दाखवणारा कोणी तरी हवा ना?

विद्यार्थिमित्रहो, तो वाचून दाखवणारा तुमच्यातूनच निघावयाचा आहे. तुम्हांला मराठी येते, कन्नड येते, घरची कोकणी येते. हे सामर्थ्य थोडे नाही. ते शाळा बुडवून वापरण्याची पाळी तुमच्यावर येऊ नये, ती जबाबदारी आम्हा मोठ्यांची व सरकारची. परंतु घरात किंवा शेजारी कोणी दवाखान्यातून परत आले, तर गोळ्यांचे पाकीट हाती घेऊन ‘‘ही गोळी केव्हा, किती दिवस, आणि संपल्यावर काय करावयाचे?’’ एवढे तीन प्रश्न विचारण्यास एक संध्याकाळ पुरते. उत्तर ठाऊक नसेल तर गावच्या आशाताईंना विचारावे. आजीआजोबांचे आरोग्यकार्ड काढले आहे काय, त्यावरचे नाव बरोबर आहे काय, हेही पाहावे. आणि तुमच्यापैकी जे पुढे डॉक्टर, परिचारिका किंवा औषधविक्रेते होतील, त्यांनी आपल्या खिडकीपाशी संकोचून उभ्या राहिलेल्या माणसाला आधी बसावयास सांगावे आणि मग त्याच्या बोलीत विचारावे, ‘‘काय होते आहे?’’

त्या आजीच्या घरी मी परवा पुन्हा गेलो होतो. कोनाड्यात गोळ्यांचे नवे पाकीट होते. शेजारी भिंतीवर नातवाने कोळशाने तीस रेघा ओढल्या होत्या. रोज एक गोळी घेतली की आजी एक रेघ पुसते. पाच रेघा उरल्या, की नव्या गोळ्या आणावयाच्या, असे दोघांचे ठरले आहे. मी गेलो तेव्हा सहा रेघा शिल्लक होत्या. ‘‘उद्या बाजाराला जाणाऱ्या कोणाला तरी सांगावे लागेल, मास्तर,’’ आजी म्हणाली. मुलगा मात्र घरी नव्हता. तो शाळेत होता.